ग्रुप राइडमध्ये शेवटच्या गाडीला घाई का होते, आणि ती कशी थांबवायची

एकटा असताना जो माणूस वळणाआधी गिअर खाली टाकतो, पुढचं दिसत नसेल तर ओव्हरटेक सोडून देतो, तोच बारा गाड्यांच्या रांगेत दहावा असला की पुढच्याचा लाल दिवा धरून निघतो. रस्ता बघायचं थांबतो. पुढचा गेला म्हणजे आपणही जाऊ शकतो असं धरून चालतो. ग्रुप राइडचा खरा धोका हा आहे. रांगेतल्या शेवटच्या माणसाला दिवसभरात एकदाही घाई करावी लागू नये, यासाठी खालचे सगळे टप्पे आहेत. क्रम बदलू नका. निम्म्या चुका निघण्याआधीच झालेल्या असतात.

## टप्पा १ : संख्या आणि जागा ठरवा

एका गटात ५ ते ७ गाड्या. पंधरा जण असतील तर तीन गट, प्रत्येकाचा लीडर वेगळा आणि दोन गटांमध्ये किमान ५ मिनिटांचं अंतर.

हा आकडा हिशेबातून आलेला आहे. ताशी ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. गाड्या लेनच्या उजव्या-डाव्या भागात आलटून-पालटून चालवून दोन गाड्यांत एक सेकंदाचं तिरकं अंतर ठेवलं तरी सात गाड्यांची रांग १३० मीटरच्या पुढे जाते आणि वीस गाड्यांची ४०० मीटरच्या. चारशे मीटरची रांग कुठलाच ट्रक किंवा एसटी एका दमात ओलांडू शकत नाही. मग ती मध्येच घुसते, आणि तिथे जो असतो तो साइडपट्टीवर जातो.

जागा अशा :

१. सगळ्यात पुढे लीडर. रस्ता माहीत असलेला आणि आरशात बघायची सवय असलेला.
२. त्याच्या लगेच मागे सगळ्यात नवा चालवणारा, किंवा सगळ्यात लहान इंजिनची गाडी.
३. मध्ये बाकीचे. डबल सीट गाड्या शक्यतो पुढच्या अर्ध्या भागात.
४. शेवटी स्वीप. गटातला सगळ्यात अनुभवी माणूस इथे हवा. हत्यारं, पंक्चर किट आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे.

सावध : “नवीन आहे, निवांत मागून येऊ दे” ही सगळ्यात जास्त वेळा होणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. रांगेच्या शेपटाला कधीच निवांत चालवता येत नाही. का, ते टप्पा ५ मध्ये कळेल.

१०० सीसीची डबल सीट गाडी आणि ४०० सीसीची गाडी एका गटात घालू नका. लहान गाडीचं इंजिन तापेल आणि मोठ्या गाडीवाल्याचा धीर सुटेल.

## टप्पा २ : गाडी आदल्या रात्री तपासा

सकाळी पाच वाजता जमल्यावर तपासणी होत नाही, फोटो होतात. म्हणून आदल्या रात्रीच.

हवा. टायर थंड असताना भरा. आकडा चेन कव्हरवर किंवा स्विंग आर्मवरच्या स्टिकरवर असतो, आणि डबल सीटसाठी मागच्या टायरचा आकडा वेगळा असतो. चाळीस किलोमीटर चालवून आल्यावर हवा मोजली तर जास्तच दिसणार. ती काढून टाकू नका. गाडी थंड झाल्यावर तोच टायर बसलेला मिळेल.

टायर. खाचेतल्या उंचवट्याला रबर टेकलं असेल तर टायर बदला. बाजूला चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असूनही बाजूला बारीक भेगा पडल्या असतील तर त्या टायरवर मे महिन्यात हायवेला जाऊ नका.

चेन. खालच्या बाजूला मध्यभागी बोटानं वर-खाली हलवा. बऱ्याचशा गाड्यांत २० ते ३० मिलिमीटर हालचाल चालते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जिथे सगळ्यात घट्ट लागते तिथलं माप धरा. ढिल्या चेनइतकीच आवळलेली चेनही वाईट. मागे माणूस बसला की ती आणखी ताणते.

ब्रेक. पॅडचं जाडपण २ मिलिमीटरच्या खाली आलं असेल तर नवे टाका. दाबल्यावर पुढचा लिव्हर मुठीला टेकता कामा नये.

मागचा लाल दिवा. एकटे जाताना याकडे कोणी बघत नाही, रांगेत मात्र मागच्याचा जीव यावर असतो. रात्री गाडी भिंतीकडे पाठ करून लावा. आधी फक्त पुढचा ब्रेक दाबा, मग फक्त मागचा. दोन्ही वेळा भिंतीवर लाल उजेड वाढला पाहिजे. मागच्या ब्रेकचा स्विच पायाजवळ असतो, त्यात चिखल बसतो आणि दिवा कायम पेटून राहतो. कायम पेटलेला दिवा बंद दिव्यापेक्षा वाईट, कारण मागच्याला काहीच कळत नाही.

पेट्रोल. टाक्या आदल्या रात्री फुल. पुढचा पंप सगळ्यात लहान टाकीच्या हिशेबानं ठरवा.

## टप्पा ३ : अंगावर काय, खिशात काय

आयएसआय मार्क असलेलं हेल्मेट, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही. पट्टा लावून मागून हेल्मेट वर-पुढे ढकलून बघा. डोक्यातून निघालं तर ते रस्त्यावरही निघेल. घोटा झाकणारा बूट घाला. ओढणी, उपरणं, गमछा यांची टोकं आत खोचा. डबल सीट गाडीत चेन किंवा मागच्या चाकात कापड जाऊन होणारे अपघात फार भयानक असतात, आणि ते टाळायला एक गाठ पुरते.

लीडर आणि स्वीप या दोघांच्या खिशात एक कागद हवा : सगळ्यांची नावं, रक्तगट, घरच्यांचा नंबर. कागदच. फोन पडल्यावर स्क्रीन फुटते आणि लॉक उघडत नाही.

## टप्पा ४ : निघण्याआधी दहा मिनिटं बोला

सोलापुरातल्या सात रस्ता किंवा जुना पुणे नाका अशा गर्दीच्या चौकात जमू नका. शहराबाहेर, हायवे सोडून आत, पक्क्या जागेवर जमा. पेट्रोल पंपाचा दरवाजा अडवू नका. शहरातून प्रत्येकानं आपापलं यायचं. सिग्नलला गट फुटू नये म्हणून चौकात गाडी आडवी लावून वाहतूक थांबवणं हा गुन्हा आहे. शिवाय त्यामुळे मागचे लाल सिग्नलला न बघता सुटतात.

लीडरनं चार गोष्टी सांगायच्या : थांबे कुठे, वेग किती, कोण कोणाच्या मागे, आणि चुकामूक झाली तर काय. चुकामुकीचं उत्तर एकच असावं : पुढच्या ठरलेल्या थांब्यावर या, वाटेत शोधत फिरू नका.

खुणा डाव्या हातानं, कारण उजवा हात थ्रॉटल आणि पुढच्या ब्रेकवर असतो :

- एक बोट वर : एकामागे एक.
- दोन बोटं वर : तिरकी रांग.
- तळहात खाली दाबल्यासारखा : वेग कमी.
- मूठ वर : थांबतोय.
- मूठ उघड-मीट : तुझा इंडिकेटर चालू राहिलाय.
- टाकीवर बोट : पेट्रोल.
- डावा किंवा उजवा पाय बाहेर : त्या बाजूला खड्डा, खडी, कुत्रं.

प्रत्येकानं खूण बघितली की तीच मागे द्यायची. तुमच्यापाशी ती थांबली तर मागच्याला खड्डा चाक आदळल्यावरच कळेल.

तपासा : कोणालाही अचानक विचारा, “पुढचा थांबा कुठला? तुझ्या मागे कोण?” उत्तर आलं नाही तर पुन्हा सांगा, मगच गाड्या सुरू करा.

## टप्पा ५ : रांग लावा आणि अंतर राखा

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून लीडर आपल्या लेनच्या उजव्या तिसऱ्या भागात, दुसरा डाव्या भागात, तिसरा पुन्हा उजव्या. तिरक्या समोरच्यापासून एक सेकंद, आणि आपल्याच ओळीतल्या पुढच्यापासून दोन सेकंद. पुढची गाडी खांबाजवळून गेली की “एकशे एक, एकशे दोन” असं सावकाश म्हणा. दोन म्हणायच्या आत तुम्ही खांबाशी आलात तर जवळ आहात.

दोन सेकंद पुरेसे वाटतात, पण तो किमान आकडा आहे. ८० ला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला तरी गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या डांबरावर चांगला ब्रेक लागला तरी पुढे आणखी चाळीसेक मीटर लागतात. पावसात, रात्री आणि डबल सीट असताना अंतर दुप्पट करा.

जोडीनं, खांद्याला खांदा लावून चालवू नका. खड्डा चुकवायला बाजूला जागा लागते, आणि ती जागा मित्रानं घेतलेली असते.

तिरकी रांग मोडून एकामागे एक कधी : घाटात आणि आंधळ्या वळणावर, अरुंद पुलावर, पावसात, अंधारात, खराब डांबरावर, गावातून जाताना, आणि टोल नाक्याच्या डाव्या कडेच्या दुचाकीच्या वाटेत. ही वाट सावळेश्वरला असो की तामलवाडीला, अरुंद असते आणि तिच्यात वाळू साचते.

आता शेपटाचं गणित. गावातल्या गतिरोधकावर लीडर वेग कमी करतो, उतरतो आणि लगेच ६० ला जातो. मागे सहा गाड्या अजून ओलांडायच्या असतात. शेवटची उतरेपर्यंत लीडर ३०० मीटर पुढे गेलेला असतो. शेवटच्यानं ७० नं चालवून ते ३०० मीटर भरून काढायचे तर त्याला १०८ सेकंद लागतात, म्हणजे दोन किलोमीटरहून जास्त रस्ता. इतका वेळ कोणी थांबत नाही. तो ९० ला जातो. लीडरला वाटतं गट ६० नं चाललाय, आणि शेवटचा माणूस गावाच्या वेशीवर ९० ला असतो.

उपाय लीडरच्या हातात आहे. गतिरोधक, वळण, टोल, गाव, प्रत्येकानंतर ४० च्या आसपास राहायचं. आरशात स्वीपचा दिवा दिसला की हळूहळू वेग वाढवायचा. मध्ये वेग कमी-जास्त करायचा नाही. फलकावरच्या मर्यादेपेक्षा १० नं कमी ठेवा, म्हणजे मागच्याला मर्यादा न मोडता रांग गाठता येते.

## टप्पा ६ : ओव्हरटेक, प्रत्येकाचा स्वतःचा

दोनपदरी रस्त्यावर गटानं ओव्हरटेक होत नाही, एकेकानं होतो.

४० नं जाणारा ट्रक ६० नं ओलांडायला, पुढचं-मागचं अंतर धरून, ९ ते १० सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १६० मीटर जाता, आणि समोरून ६० नं येणारी गाडीही तेवढीच जवळ येते. म्हणजे निदान ३२० मीटर रस्ता मोकळा दिसायला हवा, वर थोडी शिल्लक. आता एका मागोमाग सगळे सुटले तर? सातवा बाहेर निघतो तेव्हा सहा सेकंद उलटलेले असतात आणि समोरची गाडी शंभर मीटर जवळ आलेली असते. लीडरला दिसलेला मोकळा रस्ता सातव्यासाठी उरलेलाच नसतो.

क्रम असा :

१. लीडर जातो, आणि ओलांडल्यावर लगेच वेग कमी करत नाही. मागच्याला आत शिरायला जागा सोडून पुढे सरकतो.
२. दुसरा लेनच्या उजव्या भागात येतो, स्वतः बघतो, स्वतः ठरवतो.
३. बाकीचे ट्रकमागे अंतर राखून थांबतात, चिकटत नाहीत.
४. पुढच्यानं हातानं “ये ये” केलं तरी त्यावर जायचं नाही. आणि अशी खूण कोणी करायचीही नाही.

गाळप हंगामात, म्हणजे साधारण दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्चपर्यंत, सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक रस्त्यांवर उसाचे ट्रॅक्टर असतात. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या मिळून लांबी ट्रकपेक्षा जास्त भरते, ऊस बाजूंना बाहेर आलेला असतो आणि मागची ट्रॉली झोले खाते. टेपचा आवाज मोठा असेल तर ड्रायव्हरला तुमचा हॉर्न ऐकूच जात नाही. पडलेल्या कांडीवर चाक गेलं की कांडी गोल फिरते आणि हँडल हिसकतं. अशा वेळी ब्रेक नको, गाडी सरळ धरून थ्रॉटल सोडा. अंधार पडल्यावर कित्येक ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं किंवा वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्यांनी, झाकलेला असतो. म्हणून हंगामात अंधारात गट काढूच नका. निघणं उजाडल्यावर, परतणं दिवस मावळायच्या आत.

## टप्पा ७ : फाटे, दुभाजकातले कट, उलटे येणारे

फाट्यावर वाट चुकू नये म्हणून पुढच्याला नजरेत ठेवत धावणं बंद करायचं असेल तर मार्करची पद्धत वापरा. वळायच्या फाट्यावर लीडरच्या मागचा माणूस सुरक्षित जागी उभा राहतो, हातानं दिशा दाखवतो, आणि स्वीप दिसला की त्याच्या पुढे रांगेत शिरतो. पुढच्या फाट्यावर त्या वेळी दुसऱ्या क्रमांकावर असलेला थांबतो. नवा माणूस मार्कर नसावा, त्याला सोडून त्याच्या मागच्याला थांबवा. ही पद्धत बसली की कोणीही नजरेआड गेलं तरी काही बिघडत नाही, आणि धावाधाव आपोआप संपते.

पुणे-हैदराबाद हायवे चारपदरी म्हणून निर्धास्त राहू नका. गावाजवळच्या कटमधून ट्रॅक्टर आडवा येतो, आणि लांबचा वळसा वाचवायला दुचाक्या डाव्या कडेनं उलट्या येतात. डाव्या ओळीतले नेमके तिथेच असतात. लीडरला उलटी गाडी दिसली की लगेच एक बोट वर, आणि सगळे उजव्या भागात एकामागे एक.

उन्हाची दिशाही बघा. सकाळी सोलापूरहून नळदुर्गकडे निघालात तर सूर्य समोर, आणि संध्याकाळी परतताना पुन्हा समोर. मोहोळच्या बाजूला याच्या उलट. सूर्य तुमच्या पाठीशी असला की समोरून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही. तेव्हा दिवा चालू ठेवा.

सावध : पाऊस पडून गेल्यावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या टायरनं काळी माती डांबरावर येते. मंगळवेढ्याच्या बाजूला हे नेहमीचं. ती ओली असताना साबणासारखी घसरते. सुगीत रस्त्यावर पसरलेली तूर-सोयाबीनही तशीच. दोन्हीवर वळू नका, ब्रेक मारू नका, सरळ आणि हळू जा.

## टप्पा ८ : थांबे आणि ऊन

दर ४५ ते ५० मिनिटांनी थांबा, कोणी मागो न मागो. डांबरापासून दूर, सगळ्या गाड्या आत, तोंड बाहेरच्या दिशेला. काळ्या मातीत साइड स्टँड रुततो आणि गाडी आडवी होते, त्याखाली चपटा दगड ठेवा.

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा वाऱ्यानं गार वाटत नाही, उलट अंगातलं पाणी उडतं. अंग झाका, गळ्याला ओला रुमाल, प्रत्येक थांब्यावर निदान अर्धा लिटर पाणी, दोन थांब्यांत एकदा ओआरएस. अकराच्या आत पोहोचा किंवा मध्येच सावलीला चार वाजेपर्यंत थांबा.

स्वीपनं ही लक्षणं बघायची : खूण केली तरी न बघणं, गिअर चुकणं, लेनमध्ये तरंगणं, थांब्यावर चिडचिड किंवा गप्प बसणं. असा माणूस “बरं आहे, चला” म्हणणारच. त्याचं ऐकू नका. सावली, मानेला आणि काखेत ओलं कापड, अर्धा तास विश्रांती. बरळायला लागला किंवा घाम थांबून अंग तापलं तर १०८ ला रुग्णवाहिकेसाठी फोन.

## टप्पा ९ : तुळजापूरची ज्योत

नवरात्रात तुळजापूरहून धावत ज्योत आणणाऱ्या मंडळांसोबत गाड्यांचा ताफा असतो, आणि वरचे बहुतेक नियम तिथे लागू पडत नाहीत, कारण वेग धावणाऱ्याचा असतो. रात्र, झोप नाही, घाटाचा उतार आणि हातात पेटती ज्योत. यासाठी वेगळी रचना करा.

१. धावणारे रस्त्याच्या डाव्या कडेला, रिफ्लेक्टरचं जाकीट घालून.
२. सगळ्या दुचाक्या त्यांच्या मागे. पुढे किंवा बाजूला एकही नको.
३. दुचाक्यांच्याही मागे टेम्पो, चारही इंडिकेटर चालू ठेवून. मागून येणाऱ्या ट्रकला आधी टेम्पो दिसला पाहिजे.
४. धावणारा बदलायचा तर थांबून. चालत्या गाडीवरून उडी मारून ज्योत घेणं बंद करा.
५. तेलाचा डबा टेम्पोत, दुचाकीला अडकवायचा नाही. ज्योत पंपापासून लांब थांबवा, पेट्रोल भरायला गाडी एकटी जाईल.
६. ज्यानं धाव घेतली तो पुढचा तासभर गाडी चालवणार नाही. टेम्पोत बसेल.

कोजागिरीच्या सुमारास सोलापूर-तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांनी भरतो आणि वाहतूक वळवली जाते. त्या दिवसांत इथे राइड ठेवू नका.

## टप्पा १० : कोणी पडलं तर

१. मागचे सगळे साइडपट्टीच्याही बाहेर थांबतात. पुढे गेलेले हायवेवर उलटे फिरून येत नाहीत. लीडर त्यांना पुढच्या सुरक्षित जागी गोळा करतो.
२. दोघं १०० ते २०० मीटर मागे जाऊन, रस्त्याच्या कडेला उभं राहून, येणाऱ्या गाड्यांना सावध करतात. हे आधी. दुसरा अपघात पहिल्यापेक्षा मोठा असतो.
३. पडलेल्या गाडीचं इंजिन बंद करा.
४. एकच माणूस फोन करतो : १०८ रुग्णवाहिका, ११२ पोलीस, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि कुठल्या दिशेची बाजू, हे सांगा.
५. वाहतूक किंवा आगीचा धोका नसेल तर माणसाला हलवू नका, उठवून बसवू नका. पाणी पाजू नका.
६. श्वास चालू असेल तर हेल्मेट काढू नका, फक्त काच वर करा. श्वास अडत असेल तरच काढा, आणि तेही दोघांनी : एक मान आणि हनुवटी दोन्ही बाजूंनी स्थिर धरतो, दुसरा हळू सरकवतो.
७. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घडी करून घट्ट दाबून धरा. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा, पहिलं उचलू नका.

वाटेत दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तरी थांबा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या १३४अ कलमामुळे मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, आणि नाव सांगण्याची सक्ती नाही.

मार लागला नसला तरी पडलेला माणूस त्या दिवशी पुन्हा गाडी चालवणार नाही. हात थरथरायचे अर्ध्या तासात थांबतात, पण डोक्याला बसलेला मार काही तासांनीही वर येतो. त्याची गाडी टेम्पोतून आणा, आणि रात्रभर कोणीतरी त्याच्याजवळ असू द्या.

## टप्पा ११ : परतल्यावर

गट शहराच्या बाहेरच मोडा. थकलेल्या अवस्थेत रांग धरून शहरात शिरू नका. प्रत्येकानं घरी पोहोचल्यावर स्वीपला एक मेसेज करायचा. स्वीप खिशातल्या कागदावर नावापुढे खूण करत जातो. तासाभरात एखाद्या नावापुढे खूण झाली नाही, तर त्या कागदावरच्या घरच्या नंबरला तो फोन लावतो.